बेसिनजवळची वही

प्रश्न: आमच्या वॉर्डात ऑपरेशनच्या जखमा इतक्या का चिघळतात?

पद्धत: मी, म्हणजे वॉर्डची सिस्टर, बेसिनजवळ स्टूल टाकून बसले. पेशंटला हात लावण्याआधी कोण हात धुतं आणि कोण नाही, ते वहीत लिहू लागले.

निरीक्षण: वही दिसताच सगळे हात धुऊ लागले. मोठे डॉक्टर तर कोपरापर्यंत. पहिल्याच आठवड्यात शंभर टक्के.

अडचण: या अभ्यासाच्या माझ्या गाईड मॅडम. "अगं, ते तुला बघून धुतात. याला काय अभ्यास म्हणायचं? पंधरा दिवस वही घरी ठेव, मग खरं काय ते कळेल."

वही घरी ठेवली, पण जीव टांगणीला लागला. चार नंबरच्या खाटेवरच्या मावशींची जखम आत्ता कुठे भरू लागली होती.

निष्कर्ष: पंधरा दिवसांत एकही जखम चिघळली नाही. का, ते मला सांगता येईना. मॅडमनाही येईना.

मावशी बऱ्या होऊन घरी निघाल्या. जाताना त्यांनी उशीखालून एक वही काढली आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या हातात दिली.

"मला कुठे लिहिता येतं बाई," आजी म्हणाल्या.

"मला तरी कुठे येतं?" मावशी म्हणाल्या. "डॉक्टर आले की चष्मा लावायचा, बेसिनकडे बघायचं आणि पेन उघडायचं."