‘होता’ खोडणारा

दुष्काळात बजाजनगरातल्या एका इमारतीखालच्या कोरड्या टाकीत बसून अंगद गिटारवर स्वतःची गाणी म्हणायचा. एकही रेकॉर्ड झालं नाही.

तो गेल्यावर त्याच्या मैत्रिणीनं, हिमानीनं, ऑनलाइन ज्ञानकोशात त्याच्यावर लेख लिहिला. ‘अंगद गायक होता.’

कुणीतरी ‘होता’ खोडून ‘हाय’ केलं. तिनं दुरुस्त केलं. दुपारी पुन्हा ‘हाय’.

चर्चापानावर तिनं लिहिलं, “संदर्भ द्या.”

लगेच उत्तर आलं, “हिमे, तू आत्ता गुणगुणतेस ते गाणं.”

ती दचकून गप्प झाली. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

“थांबू नगं. लई दिवसांनी ऐकतोय.”

हिमानीनं डोळे पुसले. “पुढचं कडवं येत नाही रे मला,” ती हळूच म्हणाली.

पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.