एका सहभागीच्या मते

"इथे बसला होता का तो?" आईनं चर्चेच्या खोलीतली दाराजवळची खुर्ची खसकन ओढली.

"आई, खुर्ची जागेवर ठेव."

"मग इथे?"

मुलीनं ओढलेली खुर्ची परत टेबलाला लावली. तोंड बंद ठेवण्याचाच तर तिला पगार मिळायचा! निम्म्या जगानं वर्गणी काढून चालवलेल्या एका विकास बँकेत ती बंद दाराआडच्या चर्चा चालवायची. कुठल्या देशातल्या कुठल्या कामाला पैसा द्यायचा आणि कुठला थांबवायचा, यावर जाणत्यांनी मनातलं बोलावं म्हणून. एरवी ही मंडळी भलती सावध. "आज ऊन आहे" म्हणायलाही चार तक्ते लागतात त्यांना. त्यांना बोलतं करायचं, तर नियम एकच: बोललेलं बाहेर जाईल, बोलणाऱ्याचं नाव जाणार नाही. मोबाइल दारातल्या टोपलीत, नावाच्या पाट्या पालथ्या. अहवालात सगळ्यांचं नाव एकच, 'एक सहभागी'. मग तो मंत्री असो, आकडेतज्ज्ञ असो, की जन्मभर प्रत्यक्ष काम केलेला कुणी साधा माणूस. असा एक तरी माणूस दर चर्चेला हवाच, हा तिचाच हट्ट होता.

अठरा वर्षांत तिच्या तोंडून एक नाव फुटलं नव्हतं.

आईनं पिशवीतून अहवालाचं एक पान काढलं. गावातल्या दवाखान्याच्या दारावर डकवलेलं ते पान तिनं फाडून आणलं होतं. कोपऱ्यांना डिंक तसाच होता.

"वाच."

"मीच लिहिलंय ते, आई."

"मग पाठच असेल. म्हण."

मुलीनं पानाकडे न बघता म्हटलं. "एका सहभागीच्या मते, रस्ता झालेल्या गावातला दवाखाना बंद करून तो निधी डोंगरापलीकडच्या गावांना द्यावा. तिथे रस्ताही नाही आणि दवाखानाही नाही."

"रस्ता झालेलं गाव!" आई हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "दीड तासाचा रस्ता. त्याच रस्त्यावर, भाड्याच्या गाडीत, तुझ्या बाबांनी माझ्या मांडीवर मान टाकली. आज महिना झाला. आणि दवाखाना कुठे? घरापासून दोनशे पावलांवर. दाराला हे एवढं कुलूप, जसा काही आत खजिनाच आहे!"

"निधी आटला होता गं. दोन्हीकडे पुरणार नव्हता."

"तू मला शिकवू नकोस. त्या दवाखान्याच्या पायाचे दगड मी डोक्यावरून वाहिलेत. तू पोटात होतीस तेव्हा. तीस वर्षं ह्यांनी तिथे औषधं दिली. ह्यांच्या हातची पुडी मिळाल्याशिवाय गावातला खोकला थांबायचा नाही. आणि कुणीतरी टायवाला उपटसुंभ येतो, आमचं गाव नकाशातसुद्धा न पाहिलेला, आणि म्हणतो, बंद करा!"

ती पुढच्या खुर्चीकडे गेली. मग तिच्या पुढच्या. दर खुर्चीला हात लावून मुलीच्या तोंडाकडे बघायची. लहानपणी साखरेचा डबा उघडला की ह्या मुलीची नाकपुडी हलायची. चोरी तिथेच पकडली जायची. पण आता ती नाकपुडीसुद्धा सरकारी झाली होती.

"बाकीच्यांचं सोड," आई म्हणाली. "पानावर चर्चेची तारीख आहे, त्याच आठवड्यात तुझे बाबा डोळे तपासायला तुझ्याकडे आले होते. त्यांच्या तरी कानावर घातलंस का, असं चाललंय म्हणून?"

"त्यांनी मला काही विचारलं नाही."

"ते कसले विचारतायत! गोगलगाय माणूस. आयुष्यात कधी कुणापुढे आवाज चढवला नाही." आईनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा कंबर कसली. "नाव सांग."

"सांगून करशील काय?"

"त्याच्या दारात जाऊन बसेन. तोंडावर विचारेन, माझं माणूस तुला एवढं स्वस्त कसं पडलं रे? बस. शिवीसुद्धा देणार नाही."

"मला सांगता येत नाही."

"नियम मोठा की बाप?"

मुलीनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"नियम," ती म्हणाली.

थोबाडीत बसावी तशी आई मागे सरली. मग तिनं पानाची नीट घडी घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

"ठीक आहे. ह्यापुढे घरची पायरी चढू नकोस. मला लेक होती, तीही त्याच गाडीत गेली असं समजेन."

"आई..."

"आणि त्या तुझ्या सहभागीला माझा निरोप दे." दारात पोचून आई वळली. "म्हणावं, तुझ्याही बायकोला असंच रिकाम्या घरात बसायला लागू दे. दोन ताटं घ्यायची सवय मोडता मोडत नाही म्हणजे काय, ते कळू दे तिला."

"असं नको म्हणूस!" इतक्या वेळात मुलगी पहिल्यांदाच ओरडली. "तिचं नाव घेऊ नकोस. तिला काही म्हणू नकोस, आई!"

"एवढी कीव येते तुला त्या बाईची?"

"येते."

आई तिच्याकडे बघत राहिली, परक्या बाईकडे बघावं तशी. मग जिना उतरायला लागली. गुडघा धरून, दर पायरीला थांबत.

मुलगी धावत जिन्याच्या तोंडाशी गेली. एक शब्द, एकच शब्द सांगितला असता तर आई अर्ध्या जिन्यातून परत फिरली असती. तो शब्द ओठांपर्यंत आला आणि तिनं गिळून टाकला.

त्या दिवशी चर्चा संपली, सगळे जेवायला गेले आणि तो सहभागी एकटाच मागे रेंगाळला होता. चष्मा पुसत, चोरी सापडल्यासारखं हसत म्हणाला होता, "पोरी, मी बोललो ते खरंच बोललो. पण तुझ्या आईला तेवढं कळू देऊ नकोस हं."