रिकामं जातं

माळाच्या वाटंवरी, कुनाचं पाऊल वाजतं
लेक माझी खेळाया गेली, तिचं हासनं गाजतं...

पंचशीला लहान होती तेव्हा मायच्या ओवीचा हा आवाज कानावर असला की तिला कशाचं भ्या नव्हतं. घरात माय जात्यावर बसलेली, बाहेर ही बाभळीखाली पोरींसंगं सागरगोटे खेळत असलेली. आवाज चालू आहे तोवर माय धड आहे. मधेच तुटला की सागरगोटे तिथंच टाकायचे आणि पळत सुटायचं. मायला कुशीवर वळवायचं, तोंडाचा फेस पुसायचा, तिचे डोळे ओळखीचे होईस्तोवर डोकं मांडीवर घेऊन बसायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सरजाबाईला फेपरं यायचं आणि घरात दोघीच होत्या, एवढंच.

आज पंचशीलाला लातूरची बस धरायची होती. तिथं, नव्या जिल्ह्याच्या गावी, नर्सचं शिकायला तिचा नंबर लागला होता. आज हजर झालं नाही तर जागा दुसरीची.

"माय, एकलीनं चुलीपुढं बसायचं न्हाई. आडावर तर जायाचंच न्हाई."

"आडात पानी हाय कुटं बुडाया?" सरजाबाई म्हणाली.

पंचशीलाला हसू आलं नाही. पाऊस न पडल्याचं हे दुसरं वर्ष. वस्तीतली धडधाकट माणसं दिवस उगवायच्या आधीच तलावाच्या कामावर माती उचलायला गेलेली. मागं राहिली ती शेजारची नागुबाई आत्या. आजपासून मायला तिच्याच भरवशावर टाकायचं होतं, आणि नागुबाईला ऐकू येत नव्हतं.

पंचशीलानं तिच्या कानाला तोंड लावलं. "आत्या, मायचं गानं थांबलं की पळत यायचं. समजलं का?"

"हाव हाव, येते की फाट्यापोत्तर. तुला एकलीला धाडते का मी?" असं म्हणून नागुबाईनं ट्रंक डोक्यावर घेतलीसुद्धा.

पंचशीला तिच्या पाठमोऱ्या पायांकडे बघत राहिली. मग मायच्या पाया पडली आणि निघाली.

मागं वळायचं नाही, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. वळायची गरजही पडली नाही. जातं घरघरलं, ओवी निघाली. झाडाला पान नव्हतं, पानाआड पाखरू नव्हतं. अडवायला कुणीच नसल्यागत मायचा आवाज तिच्या मागं मागं फाट्यापर्यंत आला. त्या आवाजाखाली दगडावर दगड घासत होता, कोरडा. जात्यात दाणा नव्हता. मायची ही खोड जुनीच. दळण सरलं तरी तिचा हात थांबायचा नाही. रिकामं जातं फिरवू नये, घराला अवदसा येते, असं बाया तोंडावर सांगायच्या. पाठीमागं म्हणायच्या, सरजीला दगडाचं याड हाय.

धुरळा उडवत बस आली. नागुबाईनं ट्रंक आत ढकलली. पंचशीलानं दांडी धरली.

माळाच्या वाटंवरी, कुनाचं पाऊल वाजतं...

पुढची ओळ आलीच नाही.

तिची दांडी सुटली. चप्पल कुठं राहिली ते कळलं नाही. मागं कंडक्टर ओरडत होता, "ओ मावशी, पाय काढा, बस सोडायचीय!" आणि नागुबाई पायरीवर एक पाय रोवून उभी होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

पंचशीला दारात आली.

माय पडलेली नव्हती. जात्याशी ताठ बसलेली होती, खुंट्यावर हात तसाच. डोळे ओळखीचे होते.

"काय झालं माय?"

"काई न्हाई."

"मंग थांबली काहून? जीव गेला की माझा!"

फाट्यावर हॉर्न वाजला. पंचशीला उंबऱ्यावरच उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर.

"मी न्हाई जात," ती म्हणाली. "आत्याला एवढी बस आयकू येत न्हाई, तुझा आवाज काय आयकू येनार."

सरजाबाईनं खुंट्यावरचा हात काढला. तळव्यावरचे घट्टे दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळत राहिली.

"पंचे, तुला काय वाटतं, मला गान्याचा नाद हाय?"

"साऱ्या वस्तीला म्हाईत हाय."

"मला गायाला कदीच आवडलं न्हाई ग." सरजाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "गळा धरायचा. दळन सरायचं, तरी म्हनत ऱ्हायचे. जराकशी गप झाले की तू खेळ टाकून पळत यायची. इवलीशी तू. पोरी मागून हासायच्या तुला."

हॉर्न पुन्हा वाजला. यावेळी लांबलचक.

सरजाबाईनं दोन्ही हातांनी जात्याचा खुंटा हलवला, उपसला आणि मांडीवर घेतला.

"लातुरापोत्तर माझा आवाज पुरत न्हाई, माय," ती लेकीला म्हणाली. "आता थांबू दे मला."