आठची रिंग

निफाडच्या स्टँडवर उतरल्यावर यशोदाबाईंनी एका उभ्या जीपच्या आरशात बघून टिकली लावली. पाकीट जुनं होतं, डिंक वाळला होता. अंगठ्याने दाबून धरली तेव्हा कुठे ती चिकटली. मग त्यांनी शाल गळ्याशी घट्ट लपेटून घेतली. डिसेंबर होता, आणि निफाडची थंडी म्हणजे द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवायची थंडी.

आठ वाजायच्या आत निवृत्तीभाऊजींना गाठायचं होतं. आठला त्यांचा मिस्ड कॉल सुटला की आणखी एक दिवस ढकलला जाणार. यशोदाबाईंमध्ये आता दिवस ढकलायची ताकद उरली नव्हती.

नौदलातून निवृत्त झालेल्यांच्या त्यांच्या संघटनेत चौघंच उरले होते. यशोदाबाईंचे यजमान सावळीराम सेक्रेटरी. बाकी निफाडचे निवृत्ती, एकलहऱ्याचे हिरामण आणि कळवणचे गोटीराम. गेल्या वर्षी चिकुनगुनियाने घरोघरी माणसं आडवी केली. चौघांचेही सांधे धरले. बैठका बंद पडल्या, तशी बैठकीची खोलीही मालकाने परत मागितली. तेव्हा सावळीरामांनी ही युक्ती काढली. जहाजावर सकाळी आठला झेंडा चढतो. त्याच वेळी निवृत्तींनी सावळीरामांना मिस्ड कॉल द्यायचा. सावळीरामांनी हिरामणला, हिरामणने गोटीरामला, गोटीरामने पुन्हा निवृत्तींना. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. फोन उचलायचा नाही.

"भाषण नाही, आभार नाहीत," सावळीराम खूश होऊन म्हणाले होते. "आपली ही पहिली यशस्वी बैठक."

त्यांची बोटं सुजली तेव्हापासून बटण यशोदाबाईच दाबायच्या. नळाला पाणी आलेलं असो, अंगात ताप असो, आठला फोनजवळ बसायचं. हिरामणने एकदा बोलायला म्हणून फोन केला, तर ते झोपलेत असं त्यांनी सांगितलं. मग दिवसभर त्यांना घास गेला नाही. आज निवृत्तींच्या समोर बसून सांगून टाकायचं होतं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. निवृत्तींचं हृदय अधू. त्यांच्याशी जपून बोलायचं, असं सावळीरामांनीच बजावलं होतं.

त्यांनी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून निवृत्तींच्या बायकोचा, नवसाबाईंचा आवाज आला.

"मी यशोदा. नाशिकरोडची."

आत काहीतरी खाली पडलं. लगबगीची पावलं ऐकू आली. दार उघडायला बराच वेळ लागला. नवसाबाईही गळ्याभोवती शाल गुंडाळून होत्या. टिकली घाईत वाकडी लागली होती.

"अगं बाई, वहिनी! एकट्याच? सेक्रेटरी कुठं सोडले?"

"बस झेपत नाही त्यांना. भाऊजी उठलेत का?"

"उठले व्हते, परत पडले. रातभर डोळ्याला डोळा नाय."

"थांबते मी."

"थांबा की. च्या टाकते." स्टोव्हला पंप मारता मारता नवसाबाई हसल्या. "जहाजावर व्हते तवा महिना-महिना चिठ्ठी नाय. अन् आता दोस्तांना रोज सकाळी शिट्टी! आपल्याला कधी मारली का अशी शिट्टी?"

यशोदाबाईही हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. चहाचा एक घोट पोटात गेला आणि त्यांनी धीर केला.

"वहिनी, मी भाऊजींना सांगायला आलेय. ही साखळी आता थांबवू या."

नवसाबाईंची बशी हातातच राहिली. "का? सेक्रेटरींना काय झालं?"

"काही नाही. दमायला होतं."

"नका थांबवू." नवसाबाई खाली बघत म्हणाल्या. "लय आधार हाय त्याचा. त्याच्याबिगर ह्या घरात सकाळच व्हत नाय."

"मी भाऊजींशीच बोलते. दोनच मिनिटं."

नवसाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बघते, जागे झाले का," म्हणत त्या उठल्या आणि पडदा सारून आतल्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळाने यशोदाबाईंच्या पिशवीत फोन वाजला. निवृत्तींचं नाव. एक रिंग झाली आणि थांबली.

म्हणजे भाऊजी जागे होते. यशोदाबाई पिशवी घेऊन उठल्या. आता नाही तर कधीच नाही.

"भाऊजी, येऊ का आत?" त्यांनी पडदा सारला.

खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. पायथ्याशी एक तसबीर भिंतीकडे तोंड करून टेकवलेली होती, आणि तिच्यावरून ओघळलेला झेंडूचा हार फरशीवर पडला होता. नवसाबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात निवृत्तींचा फोन होता.



"दिवाळीच्या आधीच गेले," नवसाबाई म्हणाल्या. "झोपेतच. तुमाला कळवू नको म्हनून आधीच बजावून ठेवलं व्हतं. म्हनायचे, साखळीची पहिली कडी मी हाय. ती तुटली तर सावळीराम खचंल, अन्न सोडंल." त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "मग मीच दाबते बटन."

त्या बाहेर येऊन पाटावर बसल्या. कपाळाची वाकडी टिकली काढून त्यांनी चहाच्या बशीच्या कडेला चिकटवली.

"तुमचा आवाज आला म्हनून लावली ही. वहिनी, पाया पडते तुमच्या. सेक्रेटरींना सांगू नका. त्यांना सोसायचं नाय."

 यशोदाबाईंनी पिशवीतून फोन काढला, हिरामणचा नंबर लावला, एक रिंग जाऊ दिली आणि बंद केला.

मग त्या नवसाबाईंच्या शेजारी बसल्या. स्वतःच्या कपाळावरची टिकली त्यांनी नखाने उचलली, आणि बशीच्या कडेला त्या टिकलीशेजारी ठेवली.