अंजिराला निजवताना

या, असे जवळ सरकून बसा. एका अंजिराची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेतल्या स्क्रँटन गावच्या इटालियन आळीत पानगळ सरत आली होती. नुन्त्सियोनं परसातले वाळके टोमॅटो उपटले, पाल्याचा ढीग केला आणि अंजिराच्या फांद्या दोरीनं आवळल्या. इटलीचं झाड, इथली थंडी त्याला उभ्यानं सोसत नाही. म्हणून दर हिवाळ्याआधी त्याला चरात आडवं निजवायचं, वर माती लोटायची. पलीकडची मुळं तोडायची, चराकडची राखायची. तेवढ्यावर ते जगतं.

चर खणायला शेजारचा गास्पारे आला होता. नुन्त्सियोच्या लेकाला बाप्तिस्म्यात यानंच हातावर धरलेलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना ‘कुंपारे’ म्हणत.

“काय मिठी मारलीस झाडाला, कुंपारे! फिलोमेनाला तरी मारली होतीस का अशी?”

“ती बया एका जागी उभी राहायची कुठं!” नुन्त्सियो हसला. बायको गेली, झाड राहिलं. माहेराहून कोटाच्या बाहीत याचीच काडी आणली होती तिनं. “हं, लाव जोर!”

दरवर्षी झाड करकरायचं, दोघांचा घाम काढायचं. आज मुकाट खाली आलं. नुन्त्सियो त्याच्यासकट गुडघ्यांवर आपटला. बुंध्याखाली हात घालून त्यानं चाचपलं. चराकडची मुळंही तुटली होती. बोटांना पांढरा चीक लागला.

“ही का तोडलीस?”

“माती कडक होती. लागलं असेल फावडं.”

“सगळ्यांना?”

गास्पारेनं मान वळवली. मग एकदम उसळला, “दरवर्षी तुझंच! सान रोक्कोच्या जत्रेत देवाच्या पायाशी पहिलं अंजीर कुणाचं? तुझंच! माझं झाड याच्याच फांदीचं ना? मग देवाला माझंच काय वावडं?”

मागच्याच आठवड्यात गास्पारेचं झाड निजवताना, मुळाला धक्का लागू नये म्हणून नुन्त्सियोनं बोटांनी माती उकरली होती.

“आण, माती लोटतो,” गास्पारे हळूच म्हणाला.

“राहू दे. एवढं माझं मी करतो.”

त्यानं पाला अंथरला, फळ्या ठेवल्या, ओंजळीनं माती घातली. कुंपणाशी गास्पारे विजारीला हात पुसत उभा होता. चीक निघत नव्हता.

उद्या देवापुढं हात जोडाल तेव्हा गास्पारेची आठवण काढा, मायबाप. इतकी वर्षं प्रार्थनेत त्याचं नाव नुन्त्सियो घ्यायचा. आता त्याच्याच्यानं ते नाव घेववत नाही.