बॅटरी आत आहे

"बॅटरी आत आहे," ओतिलिया म्हणाली, "आणि आत मुलगीही आहे. त्यामुळे तुला आत जाता यायचं नाही."

एल्बर दारापासून झटकन मागे सरला. वाळक्या निवडुंगाच्या कुडाची, मातीनं लिंपलेली लहानशी खोली. दाराला जाड चादर.

"मुलीच्या खोलीत बॅटरी ठेवायला कुणी सांगितलं, मावशी?"

"तुमच्याच माणसानं. म्हणाला, घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा. गार जागा एकच. मग राहतायत दोघी एकत्र. भांडत नाहीत." तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कुणाच्या मांसाचा, कुठल्या कुळाचा?"

"उरियाना. आईकडून."

"मग तुला वेगळं सांगायला नको."

नकोच होतं. न्हाण आलेली मुलगी खोलीत बसली की तिथं पुरुषाची सावलीही पडू द्यायची नाही. पडलीच तर मुलीचा मामा शब्दवाहकाला पाठवतो. तो काठी टेकत येतो, मऊ आवाजात बोलतो आणि भरपाई ठरल्याशिवाय उठत नाही. माणूस ज्याच्या कामावर आला असेल, त्यालाही ती चुकत नाही. नाही दिली तर रक्त सांडतं. एल्बरच्या कंपनीचे साहेब राजधानीतले, बोगोटाचे, पण शब्दवाहक आला म्हटलं की तेही खुर्चीतून उठून उभे राहायचे.

आणि त्याच साहेबांनी ठरवलं होतं, की हे घरोघरी दिलेलं सौर यंत्र ग्वाहिराच्या वाळवंटात परवडत नाही. थंड मुलखात वर्षानुवर्षं चालणारी बॅटरी इथं दोन उन्हाळ्यांत मरायची. पॅनलवर बसलेली धूळ धुवायला बकऱ्यांच्या तोंडचं पाणी लागायचं. दर दुरुस्तीला उरिबिया शहराहून ट्रक, आणि ट्रक वाळूत रुतला की दुसरा ट्रक. आता सगळी यंत्रं गोळा करून आणायची होती.

"आणि आईचं इन्सुलिन?" ओतिलियानं विचारलं. मांडवाला टांगलेल्या झोळीत म्हातारी डोळे मिटून पडली होती. उशाशी छोटा फ्रिज घुरघुरत होता. "उन्हात शिजवू?"

"मी नुसता नोकर आहे, मावशी."

"ते दिसतंयच. साहेब असता तर इथवर आलाच नसता."

एल्बरनं टोपी काढून घाम पुसला. "नुसतं न्यायचंय म्हणून सांगत नाही. या बॅटऱ्या उन्हानं फुगतात. पलीकडच्या वस्तीत एक फुटली, खोली राख झाली. आधी साप फुत्कारावा तसा आवाज येतो. फुस्स. मग थांबतो. परत फुस्स. आणि मग एकदम आग."

तो तावातावानं, जरा मोठ्यानंच बोलला. ओतिलियानं मान डोलावली आणि कॉफी ओतायला वाकली.

तो कॉफी पीत असताना वारा पडला. आणि कुडापलीकडून आवाज आला.

फुस्स.

एल्बरनं पेला खाली ठेवला. "ऐकलंत?"

"काय?"

फुस्स.

तो धावत पॅनलकडे गेला. पॅनलची आणि फ्रिजची, दोन्ही वायरी उपसून काढल्या. फ्रिजची घुरघुर थांबली. तो परत येऊन कुडाला कान लावून उभा राहिला. आवाज थांबला नव्हता. उलट आता लवकर लवकर येत होता.

"पोरी," तो भिंतीशी ओरडला, "बाहेर ये. आत्ताच्या आत्ता ये."

"तिच्याशी बोलू नकोस," ओतिलिया म्हणाली. "आणि ती यायची नाही. अर्धवट उठलेली मुलगी जन्मभर अर्धवट राहते."

"मेली तर काय पुरी होणार आहे?"

"मग मी जाते आत."

"नको. चुकीच्या जागी हात लावलात तर दोघी जळाल."

"मग तूच सांग काय करायचं." ती दारासमोर उभी होती, हात छातीशी बांधून. "मी तर तुला आत जा म्हणू शकत नाही."

"मावशी," आतून बारीक आवाज आला, "डोळे चुरचुरतायत."

पलीकडच्या वस्तीतली ती खोली एल्बरनं स्वतः पाहिली होती. कुडाचं काही उरलं नव्हतं. इथंही तोच कुड, तेच वाळकं लाकूड, काडी ओढली की पेटणारं.

शब्दवाहकाची काठी डोळ्यांपुढे आली. त्याची आई, तिचे भाऊ, त्यांच्या बकऱ्या. सगळं त्याच्या एका पावलापायी जाणार होतं.

फुस्स. फुस्स.

"देवा, तू बघतोयस," तो पुटपुटला. छातीवर क्रूस काढला. ओतिलियाला बाजूला केलं. ती बाजूला झाली. त्यानं चादर फाडावी तशी ओढली आणि आत उडी घेतली.

क्षणभर अंधारात काहीच दिसेना. मग बॅटरी दिसली. कोपऱ्यात विटांवर, ओल्या फडक्यांत गुंडाळलेली. त्यानं दोन्ही हात तिच्यावर टेकले. ती माठासारखी गार होती. कुठंच फुगलेली नव्हती.

फुस्स, पाठीमागून आवाज आला.

तो वळला. आखूड कापलेल्या केसांची पोर झोळीत मांडी घालून बसली होती. तिनं ओठांतून वेताची पोकळ नळी काढली आणि मांडीवरचं विणकाम सारखं केलं.

"मावशी," तिनं बाहेर हाक दिली, "आले हे आत. मामाला म्हणावं, भरपाईत बकऱ्या घेऊ नको. कंपनीकडे हे यंत्रच माग."