गोकुळचा डेक

कौशल्याबाईंनी घरातून गाण्यांचा डेक उचलून मांडवात आणला आणि महादेवराव हातातलं काम टाकून तिकडे आले.

डीजे नको, वाजंत्री नको, हे त्यांनी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तरणाताठा पोरगा, गोकुळ, दिवाळीच्या तोंडावर गेलेला. वर्षाच्या आत लग्न उरकलं नाही तर पोरीला तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून हे लग्न. नाहीतर कुणाला हौस होती? हळद लावा, चार माणसं जेवू घाला, मोकळे व्हा. पण आता अश्विनी पाटावर बसलेली, अंगणभर बाया जमलेल्या, आणि कौशल्याबाई बॅटरीला वायर जोडत बसलेल्या.

डेक गोकुळच्या ट्रॅक्टरवरचा. विहिरीतून काढलेला ट्रॅक्टर मोताळ्याच्या एका माणसाला विकला, तेव्हा बाईंनी हट्ट करून डेक आणि दोन्ही स्पीकर ठेवून घेतले, दुरुस्त करून आणले. तेव्हापासून ते देव्हाऱ्याखाली. रोज संध्याकाळी भाकरी थापताना त्या पोराचं आवडतं गाणं लावत. गाणं तरी कसलं! नवऱ्यानं शेगावात चप्पल हरवली म्हणून नवरा-बायकोचं भांडण, अन् मधेमधे शिट्ट्या. पण गोकुळला त्याचं भारी वेड. वावरात तेच, बाजारात भाजी नेताना तेच. ते लागलं की कौशल्याबाईंना पोरगा समोर दिसायचा, ओल्या केसांनी चुलीपाशी उभ्या उभ्या गरम भाकरी मोडून खाणारा. त्या एकट्याच हसायच्या. तो गेल्यापासून त्या हसल्या असतील तर तेवढंच.

महादेवराव मात्र गाणं लागलं की उठून गोठ्यात जात. तुमचं काळीज दगडाचं हाये, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

महादेवरावांना त्या गाण्यात दुसरंच दिसायचं. विहिरीकडचं वावर, परतीच्या पावसानं भुसभुशीत झालेला काठ, आणि रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर मागे मागे घेत येणारा गोकुळ. ते समोरच्या बांधावर होते. थांब म्हणून ओरडले, घसा फाटेस्तोवर ओरडले, दोन्ही हात वर करून नाचवले. डेक फुल्ल होता. पोराला दिसले ते फक्त हात. बाप जन्मात पहिल्यांदा आपल्या गाण्यावर नाचतोय असंच वाटलं त्याला. तोंडभर हसला, एक हात वर करून त्यानंही ठेका धरला, आणि तसाच मागे मागे गेला.

काठ ढासळला, एवढंच त्यांनी घरी सांगितलं, पोलिसांनाही तेवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं. गाण्याचं मात्र ते कुणाजवळ बोलले नाहीत. बोलले असते तर कौशल्याबाईंजवळ पोराचं उरलं काय असतं?

आता ते वाकून बायकोला हळूच म्हणाले, आज नको लावू.

"काऊन नको?"

लोक काय म्हणतील, असं काहीतरी ते पुटपुटले.

"भाऊ नाई तिच्या मांडवात," कौशल्याबाई म्हणाल्या. "भावाचं गाणं तरी असू द्या."

पाटावरून अश्विनी बापाकडे बघत होती. तोंड हळदीनं पिवळं, डोळे भरून आलेले. दादा असता तर डीजेच आणला असता त्यानं, लावू द्या ना बाबा, म्हणाली. सांगायचं तर हीच वेळ होती. पण सवयीनं महादेवराव गोठ्याकडे वळले, तर झुंबरबाईनं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं, मनगट धरलं. बापानं पोरीला हळद लावायची असते, आज कुठं पळतोस, असं म्हणत तिनं त्यांच्या दोन्ही तळव्यांवर हळद थापली.

गाणं सुरू झालं. पहिली शिट्टी वाजली आणि बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. कुणीतरी अश्विनीला हात धरून उठवलं. ती आधी लाजली, मग रडता रडता हसायला लागली, आणि भावाचं नाव घेऊन तिनं एक हात वर केला. बापाकडे बघत, ठेक्यावर डोलत, ती एक एक पाऊल मागे जाऊ लागली.

तिच्यामागे काही नव्हतं. सारवलेलं अंगण होतं, बाया होत्या. महादेवरावांना हे सगळं कळत होतं. तरी त्यांचे हात आपोआप वर गेले.

"थांब!" ते ओरडले. "थांब, थांब!"

स्पीकरपुढे कुणाला काही ऐकू गेलं नाही. दिसले ते हळदीचे दोन हात.

"अवं, महादेव नाचून राह्यला!" झुंबरबाई म्हणाली, आणि बायांनी एकच गिल्ला केला.

कौशल्याबाईंनी मान वर करून पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्या खाली वाकल्या आणि डेकचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"नाचा," त्या म्हणाल्या. "आता त्याले बी ऐकू जाईन."

महादेवरावांनी हात खाली घेतले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी पायही उचलले.